फिर्यादी कोण?

"वकीलसाहेब, उद्या धाकट्यानं ती चित्रं फोडलान, तर त्याच्यावर केस होईल काय?" समोरच्या बाकावर टेकलेल्या माणसानं एवढंच विचारलं होतं. मी सातबाऱ्यावरची नावं बघत होतो, त्यामुळे मान वर न करताच म्हणालो, "केस व्हायची तर आधी फिर्यादी लागतो. इथं फिर्यादी कोण? तुम्ही?" तो गप्प झाला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली आणि म्हणाला, "मी कसा होणार? चित्रं काय माझ्या बापसानं काढलेली नाहीत." आणि पाचची एसटी चुकेल म्हणून उठून गेला. तो गेल्यावर मी आणखी दोन पक्षकारांशी बोललो, एक मुदतीचा अर्ज लिहिला, बाजारातून जाताना मासळी घेतली. पण त्याचं वाक्य काही सुटेना. एवढ्या वर्षांत फिर्यादी व्हायला घाबरणारे पाहिले, पैसे घेऊन फिरणारे पाहिले, हौसेनं फिर्यादी होणारे तर राजापूर तालुक्यात पुष्कळच. आपला हक्क पोचत नाही म्हणून संकोचणारा मात्र विरळाच.

प्रकरण तसं नेहमीचंच. दोन भाऊ, सामायिक खातं, सातबाऱ्यावर आजोबांच्या पिढीतल्या माणसांची नावं अजून तशीच, त्यांतली निम्मी मुंबईत वारलेली आणि वारसनोंद कोणीच न केलेली. घरालगतच्या आंबा-काजूच्या कलमांचं वाटप दोघांनी तोंडी केव्हाच केलंय, त्यात भांडण नाही. भांडण वरच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरून आहे. ज्या कातळाला कालपरवापर्यंत कोणी विचारत नव्हतं, गुरं चारण्यापलीकडे ज्याचा उपयोग नव्हता, तिथं आता चिऱ्याच्या खाणीचा ठेकेदार येऊन उभा राहिलाय. आणि नेमक्या त्याच तुकड्यात कातळात खोदलेली चित्रं आहेत. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोघांनाही विचारून लिहितोय, पण नाव नको असं दोघांचंही म्हणणं पडलं. त्यांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट.)

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं असं नाही. केंद्राचा 1958 चा कायदा आहे, आपल्या राज्याचा 1960 चा आहे. केंद्राच्या कायद्यात संरक्षित स्मारकाची मोडतोड केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण आधी ते स्मारक संरक्षित म्हणून जाहीर झालेलं हवं, राजपत्रात यायला हवं. आपल्या सड्यांवर कातळशिल्पं किती गावांत विखुरलीत ते तुम्ही जाणताच. कशेळीचा तो प्रचंड हत्ती, ज्याच्या पोटात इतर प्राण्यांचं अख्खं रान कोरलंय. बारसूचा दोन वाघांमधला माणूस. उक्षी, जांभरुण, देवीहसोळ, रुंढे तळी, देवाचं गोठणं, मालवणकडचं कुडोपी. गोव्यातलं फणसामळ धरून अशी नऊ ठिकाणं 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण यादीत जाणं वेगळं आणि खाणीच्या मशीनपुढे उभं राहील असा कागद हातात असणं वेगळं. माझ्या पक्षकाराचा सडा तर कुठल्याच यादीत नाही. उद्या महसुलाकडून गौण खनिजाचा परवाना मिळाला, रॉयल्टी भरली, पास फाडला, की तिथं चालेल ते सगळं कायदेशीर.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं एक निकालपत्र पुन्हा उघडलं. ही माझी जुनी खोड आहे. दिवसभर बांध, वहिवाट आणि कूळकायदा करून डोकं शिणलं की मी लांबच्या कोर्टांचे निकाल वाचतो. घरच्यांना वाटतं हा काहीतरी कामाचं वाचतोय. निकाल टिंबक्टूचा होता. मालीतलं हे वाळवंटाच्या काठचं गाव 2012 साली हत्यारबंद गटांच्या ताब्यात गेलं आणि जून-जुलैच्या त्या थोड्या दिवसांत तिथल्या पीर-अवलियांच्या कबरींवरच्या वास्तू आणि मशिदी मिळून दहा ठिकाणं फोडली गेली. कुदळी, पहारी, आणि एके ठिकाणी तर बुलडोझर. त्यांतली नऊ जागतिक वारशात होती. ह्या सगळ्यावर देखरेख करणारा अहमद अल फकी अल महदी 2015 साली हेगला पोचला, 2016 च्या ऑगस्टमध्ये त्यानं कोर्टासमोर गुन्हा कबूल केला, माफी मागितली, आणि 27 सप्टेंबरला त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. त्या कोर्टात केवळ वारशाच्या नासधुशीवरून चाललेला हा पहिलाच खटला, आणि कबुलीही पहिलीच.

निकालपत्रात मला दरवेळी अडवतो तो आरोपीचा परिचय. वाटतं, कोणी बाहेरचा असेल, गावाशी देणंघेणं नसलेला. तसं नाही. तो टिंबक्टूच्याच मुलखातला, धर्माचं चांगलं ज्ञान असलेल्या घरातला, लहानपणापासून शिकलेला. गटाच्या पुढाऱ्यांनी त्याला ‘हिस्बा’ ह्या नीतिरक्षक पथकाचा प्रमुख केलं ते ह्याच माहितगारीमुळे. आधी त्याला कबरस्तानात कोण येतं, काय करतं, ह्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. तो लोकांशी बोलला, जाणत्यांशी बोलला. फोडायचं की नाही असा विचार निघाला तेव्हा त्यानं आधी सल्ला दिला तो न फोडण्याचा. गावाशी संबंध बिघडतील म्हणून. मग वरून हुकूम आला आणि ह्यानंच शुक्रवारच्या नमाजात वाचायचा उपदेश लिहून दिला, आधी कोणती कबर, मग कोणती हा क्रम लावला, आणि जागेवर उभा राहिला. सिदी याह्या मशिदीचा एक दरवाजा कैक पिढ्या बंद होता. तो उघडेल तेव्हा जगाचा शेवट होईल अशी तिथली समजूत. तो उखडला, आणि का उखडला तेही ह्यानं कॅमेऱ्यासमोर समजावून सांगितलं.

दुसऱ्या रविवारी दोघा भावांबरोबर मी सड्यावर गेलो. वाटपाच्या कामात जागा पाहिल्याशिवाय मी कागद करत नाही. मे महिन्याचे दिवस, दहालाच कातळ तापलेला, चपलेच्या रबरातून पाय भाजत होते. खाली वाडीत करवंदं-फणसाचा दरवळ आणि गार सावली, आणि गडगा ओलांडून वर आलं की एकदम काही नाही. नुसता काळा पडलेला जांभा, भोकाभोकाचा, फटींतून वाळलेलं गवत, पश्चिमेला लांबवर समुद्राची फिकट पट्टी. शेजारच्या हद्दीत खाण आधीच चालू आहे. तिथं मात्र जमीन पोटातून लालभडक, मशीनच्या पात्यानं कापलेल्या सरळ उभ्या भिंती, तळाशी रांगेनं लावलेले चिरे, आणि भोवतालच्या काजूंच्या पानांवर लाल धुळीचा थर. रविवार म्हणून मशीन बंद होतं. बरं वाटलं, एरवी तिथं बोललेलं ऐकू येत नाही.

थोरल्यानं बाटलीतलं पाणी ओतलं तशी ओल्या कातळावर रेघ दिसायला लागली. बोटभर रुंद, तेवढीच खोल. आधी एक पाठ, मग पाय, मग ज्याला शिंग म्हणावं की सोंड ते कळेना असं काहीतरी. मी थोरल्याला विचारत होतो, "हे इथं संपतं काय?" त्याला सांगता येईना. तेव्हा धाकटा, जो इतका वेळ लांब उभा राहून मोबाईल बघत होता, तो आला आणि एका जागी साठलेली माती टाचेनं बाजूला करायला लागला. "इथं शेपूट आहे. हिकडनं वळून जातं. आणि त्या निवडुंगाच्या खाली आणखी एक आहे, लहान, ते दादाला ठाऊक नाही." गुरं राखायला लहानपणी तोच यायचा. दुपारभर ह्या रेघांतून बोटं फिरवत बसायचा, पहिल्या पावसात रेघांत पाणी साठलं की त्यात करवंदीच्या पानांच्या होड्या सोडायचा. त्यानं मला एकूण सहा आकृत्या दाखवल्या. थोरल्याला दोनच माहीत होत्या.

ज्याच्यावर केस होईल का म्हणून विचारणा झाली होती, तो हा.

त्या चित्रांचं वय कोणी छातीठोकपणे सांगत नाही. दहा-बारा हजार वर्षांपर्यंतचा अंदाज केला जातो. शेतीची खूण त्यांत कुठं नाही, आणि आज कोकणात औषधालाही न सापडणारा एकशिंगी गेंडा मात्र आहे, एवढ्यावरून काळ मागे मागे ढकलला जातो. काढणारे कोण, कुठून आले, कुठं गेले, कशाला काढली, सगळा अंधार. गावात विचाराल तर पांडवांनी एका रात्रीत काढली. दोघा भावांची आई, ती असेतो, पावसाआधी राखणदाराचा नारळ ठेवायची तो मात्र ह्याच चित्रांच्या बाजूला, एका विशिष्ट खळग्याशी. का तिथंच, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिच्या सासूनं तसं केलं म्हणून.

टिंबक्टूच्या प्रकरणात कोर्टाला ह्या बाबतीत सोपं गेलं. तिथं कबरीत कोण आहे ते ठाऊक होतं, आणि त्या अवलियांचे वंशज त्याच गल्लीत राहत होते. त्या वास्तू मातीच्या. दरवर्षी सगळ्या वस्तीनं मिळून त्यांना नवा लेप द्यायचा, आपल्याकडे दिवाळीआधी अंगण सारवतात तसा. म्हणजे भिंत जुनी, पण तिच्यावरचा हात गेल्याच वर्षीचा. नुकसानभरपाईचा हुकूम 17 ऑगस्ट 2017 ला झाला, सत्तावीस लाख युरोंचा. तो वाचताना वकील म्हणून मला हेवा वाटला. कोर्टानं नुसती पडलेली भिंत मोजली नाही. ज्यांचं पोट सर्वस्वी त्या वास्तूंवर होतं त्यांना वेगळी भरपाई. ज्यांच्या पूर्वजांच्या कबरी फोडल्या त्यांना वेगळी. सगळ्या टिंबक्टूला मिळून सामूहिक वेगळी. मालीच्या सरकारला आणि जगाच्या वतीनं युनेस्कोला एक-एक युरो, नाममात्र. आरोपीकडे अर्थातच दमडी नव्हती, तेव्हा पीडितांसाठीच्या निधीनं भार उचलायचा ठरलं. म्हणजे फिर्यादी कोण ह्या प्रश्नाला तिथं थरावर थर असलेलं उत्तर मिळालं: वंशज, पोटार्थी, गाव, देश, जग. आणि जगाच्या वाट्याला एक युरो, हे प्रमाणही मला बरोबरच वाटलं.

भरपाईच्या दाव्यांचं आमच्या राजापूरला तसं नवं काही नाही. 1660 साली पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी आपलं निशाण लावून सिद्दी जौहरच्या बाजूनं तोफा डागल्या, आणि पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची त्यांची वखार खणून काढली, माणसं कैदेत टाकली. त्या लुटीच्या भरपाईसाठी इंग्रजांनी जो पिच्छा पुरवला तो थेट राज्याभिषेकापर्यंत. 1674 साली हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला तो नजराणा घेऊन आणि जुनी थकबाकी काखेत मारून. दहा हजार होनांवर तोडगा निघाला. तटस्थ असल्याचं सांगून ज्यांनी दुसऱ्याच्या वेढ्यात तोफा ओढल्या, तेच पुढे तेरा वर्षं फिर्यादी. कोर्टात बसून मला हे अनेकदा आठवतं. दावा टिकतो तो ज्याच्याकडे वह्या नीट लिहिलेल्या असतात त्याचा. इंग्रजांच्या वखारीत काय काय होतं त्याची यादी होती. सड्यावरच्या चित्रांची कोणाकडे आहे? अलीकडे रत्नागिरीच्या काही मंडळींनी स्वतःच्या पायांनी सडे तुडवून, गावोगाव विचारत, मोजमापं घेऊन ती करायला घेतली म्हणून निदान काही आहे.

आणि एकदा मागे जायला लागलं की माणूस आपल्याला सोयीच्या ठिकाणी थांबतो, हेही खरं. वसई 1739 च्या मे महिन्यात पडली. तिथल्या चर्चमधल्या घंटा घाटावर गेल्या. एक नाशकात नारोशंकराच्या देवळावर, एक वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर. लॉ कॉलेजात माझा एक वर्गमित्र वसईचा होता, कॅथलिक, घरात वाडवळी वळणाचं बोलणारा. आम्ही काही जण सहलीला मेणवलीला गेलो होतो. घंटेवर मेरी आणि बाळ येशूची उठावाची आकृती आहे. त्यानं तिच्यावर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मी आपलं थट्टेनं म्हटलं, "काय रे, परत न्यायची काय?" तो म्हणाला, "नेऊन काय करू? आमच्याकडे आता स्पीकर लावतात." सगळे हसले. तोही हसला. पण हात त्यानं त्यानंतरच काढला.

हेगच्या कायद्यात युद्धगुन्ह्याला मुदत नाही. शंभर वर्षांनीही खटला भरता येईल. फक्त गुन्हा 1 जुलै 2002 नंतरचा हवा. त्याआधीच्या सगळ्या घंटा, सगळे भग्न हत्ती, घारापुरीतल्या ज्या मूर्तींवर पोर्तुगीजांनी नेमबाजी केली त्या सगळ्या, त्या रेषेच्या मागेच राहिल्या. मला ते गैर वाटत नाही. मेणवलीच्या घंटेवर आता मेणवलीचाही हक्क झालाय. ती पुन्हा उतरवून नेली तर ती दुसरी लूट होईल, असं माझं मत आहे, आणि वसईच्या मित्रासमोर मी ते मोठ्यानं बोललेलो नाही.

कायद्यातली खरी पळवाट आहे ती लष्करी गरजेची. 1954 चा हेग करार, जो आपण 1958 साली मान्य केला, तोच म्हणतो की सांस्कृतिक वास्तूंवर हल्ला करू नका, अगदीच अपरिहार्य लष्करी गरज नसेल तर. बोस्नियातल्या मोस्तारचा जुना पूल घ्या. 1566 साली बांधलेला, नेरेत्वा नदीवरची एकच कमान. 9 नोव्हेंबर 1993 ला क्रोएट तोफांनी तो पाडला. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी हेगलाच बसवलेल्या वेगळ्या कोर्टात खालच्या पीठानं 2013 मध्ये म्हटलं की पूल लष्करी कामाचा होता हे खरं, पण तो पाडून गावाचं जे झालं ते प्रमाणाबाहेरचं, म्हणून गुन्हा. अपिलात, 2017 च्या नोव्हेंबरात, बहुमतानं उलटं झालं: लष्करी लक्ष्य होतं ना, मग ती बेछूट नासधूस नव्हे. पुलापुरता आरोप सुटला. बाकीच्या आरोपांवरची शिक्षा कायम झाल्याचं ऐकून त्याच दिवशी एका आरोपीनं भर कोर्टात विष प्यायलं आणि जगानं तेवढंच लक्षात ठेवलं. पुलाबद्दल काय ठरलं ते कोणी विचारलं नाही. त्याउलट क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक. समुद्रात पाय सोडून बसलेलं तटबंदीचं गाव, फोटो बघितला की आपला सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग आठवल्याशिवाय राहत नाही. 6 डिसेंबर 1991 ला त्या जुन्या गावावर तोफगोळे पडले. आत लष्कराचं काही नव्हतं. योकिच नावाच्या नौदल अधिकाऱ्यानं कबुली दिली, त्याला सात वर्षं झाली. म्हणजे वास्तू निरुपयोगी असली तर कायदा तिच्या बाजूनं ठामपणे उभा राहतो. उपयोगी पडायला लागली की त्याचा आवाज खाली येतो.

आणि हे सगळं लढाईतलं. आपला देश हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सभासदही नाही, पण असता तरी काय? माझ्या पक्षकाराच्या सड्यावर लढाई नाही. तिथं कोणी कोणाचा देव खोटा ठरवायला येणार नाही, शुक्रवारचा उपदेश कोणी लिहून देणार नाही. डंपर येईल, चालक तंबाखू मळत खाली उतरेल, आणि संध्याकाळपर्यंत गेंडा असेल की हत्ती, त्याचे एका मापाचे चिरे होऊन रांगेत लागतील. त्यांतून कोणाचं तरी घर होईल. चांगलं घर होईल. मी स्वतः चिऱ्याच्या घरात जन्मलो, उन्हाळ्यात त्या भिंतीला पाठ लावून बसण्यासारखं सुख नाही. ताजा चिरा मऊ असतो, हवा लागून लागून घट्ट होतो, हे मी गवंड्याकडून लहानपणी शिकलो. द्वेषानं फोडणाऱ्याला कायद्यात कलम आहे. गरजेनं फोडणाऱ्याला पावती आहे.

नंतर एका संध्याकाळी धाकटा एकटाच ऑफिसात आला. दावा अजून लागलेला नाही, वाटप सामोपचारानंच करायचं चाललंय, त्यामुळे त्याच्याशी बोलायला मला अडचण नव्हती. भांडुपच्या ज्या कारखान्यात तो होता तो बंद पडला, म्हणून गावी आला. मुलगी कोल्हापुरात नर्सिंग करते. ठेकेदार जी आगाऊ रक्कम द्यायला तयार आहे तिच्यात तिची पुढली फी निघते, हे त्यानं मला वहीतल्या आकड्यांसकट दाखवलं. बारसूच्या रिफायनरीविरोधी आंदोलनाचं त्यानं ऐकलं होतं. कातळशिल्पांना बघायला हल्ली गाड्या येतात हेही ठाऊक होतं. "कशेळीला येतात. आमच्याकडे कोण येणार? रस्ता कुठाय?" मग मी त्याला टिंबक्टूची गोष्ट सांगितली. वकिलानं पक्षकाराला गोष्टी सांगू नयेत, पण सांगितली. कबरी फोडणारा स्वतःच सगळ्यांत माहितगार होता, हेही सांगितलं, त्याच्याकडे न बघता. तो शांतपणे ऐकत होता. भरपाईपाशी आलो तेव्हा त्यानं थांबवलं.

"म्हणजे त्या वास्तूवर ज्यांचं पोट होतं त्यांना पैसे दिलानी?"

"हो."

"ती उभी असताना पोट होतं त्यांचं."

"हो."

"माझं ती फोडल्यावर आहे. मला कोण देणार?"

मी निकालपत्राची शंभर पानं वाचली होती. माझ्या लक्षात हे आलं नव्हतं. ज्याची उपजीविका वारशाच्या असण्यावर त्याची हानी कोर्टानं मोजली. पण ज्याच्या दारात वारसा हा अडथळा म्हणूनच येऊन उभा राहतो, त्याच्या त्यागाचा रकाना कुठल्याच कायद्यात नाही. हेगच्या नाही, आपल्याही नाही. आपल्याकडे तर उलट. केंद्राच्या कायद्यानं स्मारक संरक्षित झालं की भोवती शंभर मीटर बांधकामबंदी, त्यापुढे दोनशे मीटर परवानगीशिवाय वीट लावायची नाही. त्याचा पंचवीस गुंठ्यांचा तुकडा त्यात कुठच्या कुठे बुडून जाईल. आम्ही जगाच्या नावानं हक्क सांगतो आणि बिल एका माणसाच्या नावावर फाडतो. तो माणूसही असा, की ज्याच्याशिवाय सहांतल्या चार आकृत्या आम्हाला सापडल्याच नसत्या. मी त्याला हे बोलून दाखवलं. त्यावर तो म्हणाला, "बोलायला ठीक आहे," आणि ते मला लागलं, कारण ठीकच होतं.

पुढल्या बुधवारी दोघं एकत्र आले. पुरातत्त्व खात्याकडे पाहणीसाठी अर्ज करायचा, आणि तो करताना चित्रांभोवतीचा तुकडा वाटपातून बाहेर काढून सामायिक ठेवायचा, असं थोरल्याच्या डोक्यात होतं. चित्रं धरून वीस गुंठे सोडू, असं त्याचं म्हणणं. धाकट्याचं म्हणणं, चित्रं सगळी मिळून पाच गुंठ्यांत बसतात, मी दाखवलीत ना. बाकी कातळ मोकळा आहे, तो मला द्या. ठेकेदाराचं मशीन किती जवळ आलं तर कातळाला तडा जातो, ह्यावर दोघांनी आपापले जाणते पुढे केले. चहा झाला, पुन्हा चहा झाला. बारावर आले. मी खरडा लिहायला घेतला, अर्जदार म्हणून दोघांची नावं घातली. धाकट्यानं ती वाचली, खोडायला सांगितलं नाही, पण आपलं नाव दुसरं का, असं विचारलं. वयानं, म्हटलं. बारा गुंठ्यांची चतुःसीमा लिहिताना निवडुंगाखालची लहान आकृती बाहेर राहत होती, ती आत घ्यायला त्यानंच रेघ वाकवायला लावली आणि बदल्यात पूर्वेकडून तेवढीच जागा मागून घेतली. आता कच्च्या नकाशावर काही चालणार नाही, भूमी अभिलेखची मोजणी लागेल. तिची फी दोघांनी निम्मी-निम्मी भरायची, की चित्रं राखायची हौस ज्याला आहे त्यानं एकट्यानं, ह्यावरून त्यांची अजून जुंपलेली आहे.